पेटीतलं पाणी, शीटमधला ताण

वर्कशॉपमध्ये नवीन आलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो : "दादा, कम्प्युटरच्या पोटात पाणी? आणि गळलं तर?" भीती रास्त आहे, फक्त तिचा रोख चुकतो. लोकांची नजर पाण्यावर असते, माझी शीटवर. आम्ही मूळचे पाट्यावाले. दुकानांच्या पाट्या, ट्रॉफ्या, नावाचे स्टँड अशी कामं करता करता ॲक्रिलिक हाताला कळत गेलं. पुण्यात पाट्यांच्या धंद्याला मरण नाही; तरी एका ॲनिमेशनवाल्या पोराच्या हट्टापायी पाण्याने थंड होणाऱ्या कम्प्युटरची पेटी करायला घेतली आणि मग पाट्या बाजूला पडल्या. इतक्या पेट्यांनंतर माझं मत असं झालंय की ॲक्रिलिकच्या पेटीत गळती सुरू होते ती पाणी भरायच्या कितीतरी आधी, शीट कापताना. कापताना, भोक पाडताना, स्क्रू आवळताना शीटच्या आत जो ताण कोंडला जातो, तो पुढे कधीतरी चिरेच्या वाटेने बाहेर येतो. आरपार दिसणाऱ्या या मालात न दिसणारी गोष्ट ती एवढीच, आणि सगळं काम तिच्याभोवती फिरतं.

पण पाणी लागतंच कशाला, ते आधी बघू. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक कार्ड २०२५ च्या सुरुवातीला आलं. कंपनीने सांगितलेली त्याची वीज ५७५ वॅट. इंटेलचा कोअर आय-नाइन १४९००के हा प्रोसेसर पूर्ण जोर लावला की २५३ वॅट ओढतो. दोन्ही मिळून आठशेच्या वर, आणि यातल्या प्रत्येक वॅटची शेवटी उष्णताच होते. पुन्हा ही उष्णता बाहेर पडते ती इवल्याशा जागेतून. त्या कार्डाची मुख्य चिप सुमारे ७५० चौरस मिलिमीटरची आहे. हवेने ही उष्णता वाहून नेता येते, पण त्यासाठी पंखे गरगरवावे लागतात आणि शेजारी बसून आवाजाची मिक्सिंग करणाऱ्याला ते चालत नाही. सारख्याच आकारमानाचं पाणी हवेच्या साधारण साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेतं. म्हणून चिपवर तांब्याचा ब्लॉक बसवायचा, त्याच्या केसाएवढ्या खाचांतून पाणी फिरवायचं, ते रेडिएटरमध्ये न्यायचं आणि तिथे मोठ्या, संथ पंख्यांनी उष्णता खोलीत सोडायची.

मोठ्या यंत्रांना ही युक्ती जुनी आहे. आयबीएमच्या १९६० च्या दशकातल्या सिस्टिम/३६० मॉडेल ९१ मध्ये पाणी होतं. १९८५ ची क्रे-२ तर फ्लोरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेली होती. घरच्या हौशी लोकांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोटारगाडीच्या हीटरचा छोटा रेडिएटर आणि माशांच्या टाकीचा पंप जोडून सुरुवात केली. आज सगळे भाग तयार मिळतात. तयार मिळत नाही ती आपल्या मनासारखी पेटी.

आणि तिथे ॲक्रिलिक येतं. १९३० च्या दशकात जर्मनीत रोम यांच्या कंपनीने प्लेक्सिग्लास आणि ब्रिटनमध्ये आयसीआयने पर्स्पेक्स या नावाने हा माल बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या पारदर्शक छतांना तो लागला. ९२ टक्के प्रकाश आरपार सोडतो, वजन काचेच्या निम्म्याहूनही कमी. तरी २०१६ च्या सुमारास तयार पेट्यांच्या कंपन्यांनी ॲक्रिलिक सोडून टफन केलेली काच धरली, कारण काचेवर सहजासहजी ओरखडे पडत नाहीत. बरोबरच केलं त्यांनी. नुसती खिडकी हवी असेल तर काचच घ्या. पण टफन झालेल्या काचेला नंतर साधं भोकही पाडता येत नाही. ॲक्रिलिकला आटे पाडता येतात, खाच कोरता येते, सांधा असा जोडता येतो की दोन तुकड्यांचा एक होतो. पेटीची भिंत हीच पाण्याची पाइपलाइन करायची असेल तर दुसरा माल नाही.

शीट आठ बाय चार फुटांची येते, आणि तिच्या दोन जाती असतात. कास्ट म्हणजे दोन काचांमध्ये ओतून सावकाश घट्ट होऊ दिलेली. एक्स्ट्रुडेड म्हणजे वितळवून साच्याच्या फटीतून सलग ओढलेली. दुकानदार म्हणतो, "दोन्ही सेमच हो, ही स्वस्त पडेल." सेम नाहीत. ओढलेल्या शीटमध्ये कारखान्यातूनच ताण भरून येतो. राउटरखाली ती वितळून बिटला चिकटते, आणि सांध्याचं सॉल्व्हंट लागलं की कोळिष्टकासारख्या बारीक चिरा पसरतात. तिचा एकच गुण : जाडी अगदी नेमकी असते. कास्टची जाडी सांगितल्यापेक्षा दहाव्या हिश्श्याने कमी-जास्त भरू शकते, एकाच शीटच्या दोन टोकांतही फरक पडतो. दहाची म्हणून घेतलेली शीट एका कोपऱ्यात साडेनऊ भरते. म्हणून पाण्याला लागणारा प्रत्येक भाग कास्टचाच, आणि ड्रॉइंग पक्कं करण्याआधी हातातल्या शीटला चारी बाजूंनी कॅलिपर लावायचा. जे लोक आधी ड्रॉइंग करून मग शीट आणायला जातात, त्यांच्या खाचा सैल बसतात.

आता कापणं. लेझरने कापलेली कड चकचकीत निघते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि पाट्यांच्या कामाला ते झकास आहे. पण ती चकाकी कशाची, तर कड क्षणभर वितळून लगेच गोठल्याची. गोठताना वरचा पातळ थर आकसतो, आतला माल त्याला आकसू देत नाही आणि कड कायमची ताणलेली राहते. अशा कडेला क्लोरोफॉर्म लावा, किंवा नुसती स्पिरिटने पुसा : कधी लगेच, कधी आठवड्याने, कडेला काटकोनात बारीक चिरा उभ्या राहतात. ज्योत फिरवून पॉलिश केलेल्या कडेचंही तेच होतं. म्हणून सांध्यात जाणारी कड आम्ही राउटरवर कापतो. एकधारी बिट, कापताना वाऱ्याचा झोत, आणि बिट एका जागी रेंगाळू द्यायचं नाही. रेंगाळलं की घासून तापतं. मग पाण्याचा पॉलिश पेपर. लेझर फक्त बाहेरच्या, कोरड्या भागांना.

तरीही काही ताण उरतोच. त्यावर उपाय म्हणजे शीट भाजणं. सगळं कापून, कोरून, आटे पाडून झालं की भाग ८० अंशांच्या भट्टीत सपाट ठेवायचे. माल साधारण १०५ अंशांना मऊ पडू लागतो, त्यामुळे ८० ला आकार बिघडत नाही, पण आतली ओढाताण सैल होते. दहा-बारा मिलिमीटरच्या भागांना मी रात्रभर भट्टी देतो. खरं महत्त्व तापवण्यापेक्षा निवण्याला आहे. भट्टी बंद करून दार न उघडता तसंच राहू द्यायचं. घाईने बाहेर काढलेला भाग वरून निवतो, आतून गरम राहतो, म्हणजे नवा ताण आपणच भरला. हा टप्पा बहुतेक वर्कशॉप गाळतात. भट्टीचा खर्च आहे, एक दिवस जातो, आणि गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही.

तसा तो दिसू शकतो. कम्प्युटरच्या एलसीडी स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, त्यासमोर ॲक्रिलिकचा तुकडा धरा आणि पोलराइज्ड गॉगल घालून बघा. स्क्रीनमधून येणारा प्रकाश आधीच एका दिशेत बांधलेला असतो. गॉगल फिरवून स्क्रीन काळी पडेल असा धरला की ताणलेल्या जागा अंधारात उजळतात, त्यांना रंगाची झाक येते. पॉलिकार्बोनेटमध्ये हे रंग भडक दिसतात, ॲक्रिलिकमध्ये फिके, त्यामुळे नजर बसायला वेळ लागतो. पण आवळलेल्या स्क्रूभोवतीचा उजेड पहिल्याच खेपेला दिसतो. आमच्याकडे कामाला लागणाऱ्या मुलाला मी ड्रिल देण्याआधी हा गॉगल देतो.

सांध्याला आपल्याकडे सर्रास क्लोरोफॉर्म वापरतात. तो डिंकासारखा चिकटत नाही. दोन्ही कडा विरघळवून एकमेकींत मिसळतो आणि उडून जातो. दोन तुकडे गुण्या लावून उभे करायचे, मध्ये बारीक टाचण्यांनी केसभर फट ठेवायची, सिरिंजने कडेला थेंब सोडायचा. तो आपोआप फटीत धावत जातो. अर्ध्या मिनिटाने टाचण्या ओढायच्या, वजन ठेवायचं आणि हात मागे घ्यायचा. सांध्यात बुडबुडा राहिला तर समजावं की कड सपाट नव्हती. तासाभरात तुकडा उचलता येतो, पण पाण्याच्या भागाला मी निदान आठवडाभर हात लावत नाही, कारण आत अडकलेलं सॉल्व्हंट निघून जायला तेवढा वेळ लागतो. इथे एक आडवळण घेतो. क्लोरोफॉर्मची बाटली तपकिरी असते ती शोभेसाठी नाही. उजेड आणि हवा लागली की त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. खिडकी बंद करून, तोंडाला रुमाल बांधून हे काम करणारी पोरं बघितली की राग येतो. बाहेर हवा फेकणारा पंखा लावा, हातमोजे घाला, बाटली अंधारात ठेवा.

आता पेटीचं हृदय : डिस्ट्रो प्लेट. पूर्वी पंपापासून ब्लॉकपर्यंत, ब्लॉकपासून रेडिएटरपर्यंत नळ्याच नळ्या असत. आता बारा किंवा पंधरा मिलिमीटरच्या ॲक्रिलिकमध्ये पाण्याचे मार्ग कोरतात, वर दुसरी शीट स्क्रूने बसवतात, मध्ये रबराची रिंग. पंप आणि टाकीही त्यातच. बघणाऱ्याला भिंतीतून पाणी वाहताना दिसतं.

कोरलेल्या मार्गाचा छेद नळीच्या आतल्या पोकळीपेक्षा लहान नको. आतून १२ मिलिमीटरची नळी असेल तर सुमारे ११३ चौरस मिलिमीटर. कोपरे गोल हवेत. पाण्याला वळायला सोपं जातं हे खरं, पण मुख्य कारण तेच जुनं : टोकदार कोपऱ्यात ताण गोळा होतो. रबराच्या खाचेत तर नेमकं गणित आहे. तीन मिलिमीटर जाडीच्या रबरी दोरीसाठी खाच सुमारे २.३ मिलिमीटर खोल, म्हणजे रबर चौथ्या हिश्श्याच्या आसपास दबतं. पण दाबलेलं रबर लहान होत नाही, ते आडवं पसरतं. म्हणून खाच ३.८ मिलिमीटरच्या आसपास रुंद. तीन मिलिमीटरच्या दोरीला तीनचीच खाच कोरणारे लोक पुढे झाकण बसत नाही म्हणून स्क्रू पिळतात, आणि प्लेट स्क्रूच्या भोकातून तडकते. स्क्रू चार मिलिमीटरचे, तीन-चार सेंटिमीटरवर एक, समोरासमोरचे आळीपाळीने, हलक्या हाताने. वरून बघताना रबर झाकणाला टेकून सलग काळी पट्टी दिसली की थांबायचं. पारदर्शक मालाचा हा मोठा फायदा. धातूच्या प्लेटमध्ये ते दिसलं नसतं.

फिटिंगचे आटे या धंद्यात ठरलेले आहेत : जी १/४, म्हणजे इंचाला १९ आटे, बाहेरचा व्यास १३.१६ मिलिमीटर. ११.८ च्या ड्रिलने भोक, मग टॅप. साधं लोखंडाचं ड्रिल ॲक्रिलिकमध्ये घुसतं, चावतं आणि पलीकडे निघताना तुकडा उडवतं. त्याची धार थोडी बोथट करून घ्यावी, पाणी सोडत राहावं. बसवताना फिटिंग फक्त बोटांनी आवळायचं. गळती थांबवतं ते फिटिंगचं रबर. आटे नुसते त्याला जागेवर धरतात. ज्याच्या हातात पाना आहे त्याला हे पटत नाही. नळाला धागा गुंडाळून पिळायची सवय आपल्याला घरातूनच लागलेली असते.

पेटीच्या सांगाड्यावर मी फार वेळ घालवत नाही. एटीएक्स मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, कार्डांच्या खाचांमधलं अंतर २०.३२ मिलिमीटर. मागचा हा भाग अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर कार्ड बसत नाही. म्हणून जुन्या पत्र्याच्या पेटीतला मदरबोर्डचा ट्रे कापून वापरावा असंच मी सांगतो. त्याचा दुसरा उपयोग अर्थिंगचा. ॲक्रिलिक वीज वाहत नाही, उलट कोरड्या फडक्याने पुसलं की स्वतःच चार्ज होऊन धूळ ओढतं. पॉवर सप्लायचं धातूचं अंग, ट्रे आणि रेडिएटर एकमेकांना वायरने जोडलेले हवेत.

ट्रे पत्र्याचा आणि भिंत ॲक्रिलिकची, यात एक खोच आहे. ॲक्रिलिक तापलं की पत्र्याच्या साधारण सहापट वाढतं. साठ सेंटिमीटरची शीट हिवाळ्यातल्या १० अंशांपासून मे महिन्यातल्या ४५ पर्यंत गेली तर जवळजवळ दीड मिलिमीटर लांब होते. तेवढाच पत्रा पाव मिलिमीटर. दोन्हींना घट्ट भोकांतून स्क्रू मारले तर शीट कुठे तरी फुगते किंवा भोकापासून फाटते. म्हणून एका टोकाचं भोक नेमकं, बाकीची लांबट, खाली मऊ वॉशर.

हवामानाची गोष्ट निघालीच आहे तर रेडिएटरचंही सांगतो, कारण परदेशातले आकडे बघून इथे काम करणारे हमखास फसतात. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, कितीही मोठा असला तरी. चांगल्या जुळणीत पाणी हवेपेक्षा दहा अंश वर राहतं. जर्मनीतल्या २२ अंशांच्या खोलीत ते ३२ झालं. नागपुरात मे महिन्यात एसी नसलेल्या ४३ अंशांच्या खोलीत ५३. चिपला त्याने काही होत नाही. स्विस संशोधकांनी आयबीएमबरोबर २०१० मध्ये झुरिकला उभारलेला अक्वासार हा महासंगणक तर साठ अंशांच्या पाण्यावर 'थंड' होत असे. पण आपल्या पेटीतला डी-फाइव्ह पंप साठ अंशांपर्यंतच्याच पाण्यासाठी केलेला असतो, त्यामुळे हातात सात अंश उरतात. विदर्भातल्या कामाला मी रेडिएटर दुप्पट धरतो, म्हणजे फरक पाच-सहा अंशांवर येतो. मुंबई-कोकणात प्रश्न उलटा. तिथे कोणीतरी चिलर लावायची टूम काढतो. दमट हवेत पाणी हवेपेक्षा फार थंड झालं की नळ्यांना बाहेरून घाम फुटतो आणि तो मदरबोर्डवर ठिबकतो. गळती नसताना पाणी सांडण्याचा हा एकमेव मार्ग असावा.

पुष्कळ जण विचारतात, पाणी आधी प्रोसेसरला न्यायचं की कार्डाला. कुठेही न्या. ५०० वॅटचं काम मिनिटाला चार लिटर पाण्यावर टाकलं तर ते पाणी दोन अंशसुद्धा तापत नाही. क्रम नळ्या सरळ बसतील तसा ठरवावा. त्यापेक्षा वाद घालावा तो हवेच्या वाटेवर. गिऱ्हाइकाला पुढची बाजू अखंड, आरशासारखी हवी असते, रेडिएटर मात्र तिच्यामागे गुदमरतो. ॲक्रिलिक उष्णता जवळजवळ वाहतच नाही, म्हणजे भिंतींतून काही निघून जाणार नाही. रेडिएटरच्या तोंडाएवढी मोकळी जाळी मिळणार नसेल तर मी काम घेत नाही.

जोडणी झाली की पाणी भरायचं नाही, हवा भरायची. हातपंप आणि मीटर लावून ०.५ बार दाब, अर्धा तास. डी-फाइव्ह पंप पाणी जास्तीत जास्त चार मीटरच्या आसपास उचलतो, म्हणजे स्वतः सुमारे ०.४ बार दाब देतो. त्याहून फार वर जाऊन ॲक्रिलिकची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. ही चाचणी दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये करू नये. तीन अंश तापमान बदललं तरी काटा हलतो आणि गळती नसताना दिसते, किंवा असताना लपते. काटा स्थिर राहिला की मगच पाणी, तेही मदरबोर्डला वीज न देता, फक्त पंप चालवून, सगळ्या सांध्यांखाली टिश्यू पेपर ठेवून, पूर्ण एक दिवस.

पाणी म्हणजे डिस्टिल्ड पाणी, त्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक. घरच्या आरओचं चालत नाही, त्यात क्षार उरतात. गाडीचं कूलंट ओतू नका, त्यातलं ग्लायकॉल जास्त प्रमाणात असलं की ताणलेल्या ॲक्रिलिकला चिरा पाडतं. तांब्याच्या ब्लॉकबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर लावला की ॲल्युमिनियम झिजत जातं, मग रसायन कितीही महागडं असो. आणि ते दुधाळ गुलाबी-निळं पाणी, जे फोटोत दिसतं! त्यात रंगाचे कण तरंगत असतात. काही महिन्यांत ते ब्लॉकच्या खाचांत बसतात आणि यंत्र तापायला लागतं. प्रदर्शनात ठेवायच्या पेटीत भरा, कामाच्या यंत्रात नको.

शेवटी खर्चाचा प्रश्न येतोच. ज्यांचा प्रोसेसर आणि कार्ड मिळून तीनशे वॅटच्या आत आहे, त्यांनी चांगला हवेचा कूलर घ्यावा. पाण्याने त्यांचं यंत्र वेगवान होणार नाही. रात्रंदिवस रेंडर करणाऱ्यांना, शांत खोली लागणाऱ्यांना आणि उघड-उघड हौस असणाऱ्यांना ही पेटी शोभते. ती करून घेताना कास्ट शीटचं बिल मागा, भाजलेले भाग गॉगलमधून बघा, हवेच्या चाचणीला स्वतः हजर राहा. आणि पाणी दरवर्षी बदलावं लागतं, म्हणून ते बाहेर काढायचा नळ कुठे आहे हे ड्रॉइंगवरच विचारा. दाखवता आला नाही, तर आगाऊ रक्कम देऊ नका.